फौजदारी खटल्याची नस्ती कशी वाचावी: न्यायालयीन नोंदींतील शब्दांची ओळख

फौजदारी खटल्याची नस्ती एका हाताने लिहिलेली नसते. तिच्यातील पहिला कागद बहुधा ठाणे अंमलदाराचा असतो, नंतरचे बरेचसे तपासी अंमलदाराचे, काहींवर पंचांच्या सह्या, काहींवर वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या. अर्ज वकिलांचे, रोजनामा न्यायालयीन लिपिकाने लिहिलेला आणि आदेश न्यायाधीशांचा. म्हणून कोणताही शब्द समोर आला की तो कोणी लिहिला आणि खटल्याच्या कोणत्या टप्प्यावर लिहिला, हे आधी पाहावे. ‘आरोपीने चाकूने वार केला’ हे वाक्य फिर्यादीत असेल तर ते फिर्यादीचे सांगणे आहे. दोषारोपपत्रात असेल तर तो पोलिसांचा तपासानंतरचा निष्कर्ष आहे. निकालपत्राच्या पहिल्या पानांवर असेल तर ‘सरकार पक्षाची थोडक्यात हकीकत अशी’ या सदराखाली न्यायाधीशांनी नोंदलेली एका बाजूची कथा आहे. न्यायालयाने ते तथ्य म्हणून स्वीकारले की नाही, हे पुढे ‘मुद्दे’, ‘निष्कर्ष’ आणि ‘कारणमीमांसा’ वाचल्यावरच कळते. निकालपत्राची सुरुवात वाचून मत बनवणारे वाचक पुष्कळ भेटतात आणि ते जवळजवळ नेहमीच चुकतात.

पुढील विवेचन महाराष्ट्रातील न्यायदंडाधिकारी आणि सत्र न्यायालयांतील नोंदींविषयी आहे.

क्रमांक आणि लघुरूपे

एकाच प्रकरणाला अनेक क्रमांक असतात. पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला की गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तो ‘गु.र.नं. २१५/२०२३’ किंवा ‘सी.आर. नंबर’ असा लिहिलेला दिसतो. हा क्रमांक त्या ठाण्यापुरता आणि त्या वर्षापुरता असल्यामुळे ठाण्याचे नाव सोबत नसेल तर त्याचा उपयोग नाही. दोषारोपपत्र न्यायालयात दाखल होऊन नोंदले गेले की खटल्याचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. आर.सी.सी. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. न वटलेल्या धनादेशाची प्रकरणे बहुधा या दुसऱ्या प्रकारात सापडतात. सत्र न्यायालयातील खटल्याला सेशन्स केस म्हणतात, तर पोक्सो, अॅट्रॉसिटी किंवा लाचलुचपत प्रतिबंध यांसारख्या विशेष कायद्यांखालील खटल्याला स्पेशल केस. जामीन अर्जाला आणि किरकोळ फौजदारी अर्जाला त्यांचे त्यांचे वेगळे क्रमांक असतात. त्यामुळे एखाद्या व्यक्तीच्या नावापुढे चार नोंदी दिसल्या म्हणून तिच्यावर चार गुन्हे आहेत असे समजू नये. गुन्हा एकच आणि बाकीचे तीन त्यातलेच जामीन आणि मुद्देमाल (जप्त वस्तू) परत मिळण्याचे अर्ज, असे नेहमी असते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर शोध घेताना सी.एन.आर. हा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक सर्वांत भरवशाचा. त्यातील पहिली चार अक्षरे राज्य आणि जिल्हा दाखवतात, पुढील दोन अंक न्यायालयाची आस्थापना, त्यानंतरचे सहा अनुक्रम आणि शेवटचे चार वर्ष. नावावरून शोध घेतल्यास एकाच नावाची अनेक माणसे निघतात. ती नोंद नेमकी कोणाची, हे मूळ कागदातील वडिलांचे नाव, वय आणि पत्ता ताडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

कलम वाचण्याआधी कायदा वाचावा

भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्याला १८६० चा भारतीय दंड विधान हाच कायदा लागू राहतो, आणि त्या तारखेला प्रलंबित असलेले खटले १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे पुढे चालतात. घटना जुनी, पण फिर्याद त्या तारखेनंतर नोंदलेली असेल तर गुन्ह्याचे कलम जुन्या कायद्याचे आणि कार्यपद्धती नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, असेही मिश्रण दिसते. यामुळे पुढची बरीच वर्षे नस्त्यांमध्ये दोन्ही पद्धतीची कलमे शेजारी शेजारी राहणार आहेत.

नुसता आकडा वाचण्याचा धोका किती मोठा आहे हे एका उदाहरणावरून कळेल. ‘भा.दं.वि. कलम ३०२’ म्हणजे खून. न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि तिचे कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. तसेच दंड विधानाचे ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, जो आता कलम १०९ मध्ये आहे. न्याय संहितेचे ३०७ मात्र मारण्याची किंवा दुखापत करण्याची तयारी करून केलेल्या चोरीचे कलम आहे. फसवणुकीचे बोलीभाषेत रुळलेले ‘चारसोबीस’ नव्या कायद्यात असूच शकत नाही, कारण त्यात कलमेच ३५८ आहेत. तो गुन्हा आता कलम ३१८(४) खाली येतो. दोन कलमांमध्ये ‘सह’ शब्द असेल, जसे ‘३२४ सह ३४’, तर ती एकत्र वाचायची असतात. दंड विधानाचे कलम ३४ हा स्वतंत्र गुन्हा नसून अनेकांच्या समान उद्देशाबाबतची तरतूद आहे. न्याय संहितेत ती ३(५) मध्ये आहे.

पोलिसांचे शब्द

दखलपात्र गुन्ह्याची पहिली नोंद म्हणजे प्रथम खबर, बोलीत एफ.आय.आर. अदखलपात्र तक्रारीची नोंद एन.सी. म्हणून होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. ‘एन.सी. झाली’ म्हणजे गुन्हा दाखल झाला, असे जे सर्रास म्हटले जाते ते बरोबर नाही.

अटकेनंतरच्या नोंदीत पी.सी.आर. आणि एम.सी.आर. ही लघुरूपे येतात. पहिले पोलीस कोठडीचे, दुसरे न्यायालयीन कोठडीचे. न्यायालयीन कोठडीत आरोपी तुरुंगात असतो. तपास ठरलेल्या मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, पूर्ण होऊन दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. असा जामीन तपासातील विलंबामुळे मिळालेला असतो आणि त्यात पुराव्याविषयी न्यायालयाचे काहीही मत नसते. जामीन आदेशातील ‘जातमुचलका’ हा आरोपीने स्वतः लिहून दिलेला बंधपत्राचा प्रकार. ‘जामीनदार’ म्हटले असेल तर दुसऱ्या व्यक्तीने हमी घेतलेली असते.

तपास संपल्यावर पोलीस दोषारोपपत्र तरी पाठवतात किंवा समरी अहवाल, म्हणजे प्रकरण बंद करण्याची मागणी करणारा अहवाल. महाराष्ट्रात समरीचे अ, ब, क असे वर्ग परिचित आहेत. गुन्हा घडला हे खरे, पण आरोपीचा शोध लागला नाही, तर ‘अ’. फिर्याद खोटी आणि द्वेषबुद्धीने केलेली, तर ‘ब’. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची, त्यामुळे खरीही नाही आणि खोटीही नाही, तर ‘क’. समरी मागितली आणि समरी मंजूर झाली या दोन वेगळ्या घटना आहेत. अहवाल स्वीकारायचा की फेटाळायचा हे न्यायदंडाधिकारी ठरवतात, आणि प्रकरण बंद करण्यापूर्वी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या प्रकरणात सांगितले आहे. ‘ब समरी’ एवढेच वाचून फिर्यादीला खोटारडा ठरवण्यापूर्वी तिच्यावर न्यायालयाचा आदेश झाला आहे का, हे पाहावे.

दोषारोपपत्र आणि दोषारोप

सर्वाधिक गोंधळ या जोडीबाबत होतो, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. दोषारोपपत्र पोलीस दाखल करतात. त्यात साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, जप्तीचे कागद आणि तज्ज्ञांचे अहवाल असतात. ते दाखल झाल्यावर न्यायालय गुन्ह्याची दखल घेते, आरोपीला सर्व कागदांच्या नकला विनामूल्य देते, आणि नंतर दोन्ही बाजू ऐकून, खटला चालवण्याइतका आधार आहे असे वाटल्यास, स्वतः दोषारोप निश्चित करते. हा दोषारोप बहुधा पान-दोन पानांचा असतो. त्यात कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी, काय कृत्य केले आणि ते कोणत्या कलमाखाली येते एवढेच असते. तो आरोपीला समजावून सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. पोलिसांनी लावलेले एखादे कलम येथे गळू शकते, नवे येऊ शकते. म्हणून एखाद्यावर ‘कोणत्या कलमाखाली खटला चालला’ याचे उत्तर गुन्हा नोंदीत किंवा दोषारोपपत्रात शोधू नये. ते दोषारोपात असते. दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या समन्स खटल्यांत औपचारिक दोषारोप नसतो, केवळ गुन्ह्याचा तपशील सांगून आरोपीचे उत्तर नोंदतात, ज्याला वकील मंडळी ‘प्ली’ म्हणतात.

रोजनामा आणि टप्पे

रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला काय झाले याची नोंद. नमुन्यादाखल अशी एक नोंद घेऊ: ‘स.स.अ. हजर. आरोपी क्र. १ व ३ हजर. आरोपी क्र. २ गैरहजर, हजेरीमाफीचा अर्ज नि. २४, मंजूर. अर्ज नि. २५ वर स.स.अ. यांनी म्हणणे द्यावे. साक्षीदार गैरहजर, समन्स काढा.’ येथे स.स.अ. म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता. दुसरा आरोपी गैरहजर असला तरी त्या दिवसापुरती त्याची हजेरी माफ झाली आहे, म्हणजे तो फरार नाही आणि त्याच्याविरुद्ध वॉरंटही नाही. ‘नि.’ म्हणजे निशाणी, नस्तीतील कागदाला दिलेला क्रमांक. अर्ज पंचविसावर सरकार पक्षाचे उत्तर मागितले आहे. न्यायालयात याला ‘से’ म्हणतात, आणि संकेतस्थळावर टप्पा म्हणून नुसते ‘से’ दिसले तर त्याचा अर्थ हाच.

निशाणीविषयी एक खबरदारी हवी. अर्जाला निशाणी क्रमांक मिळणे ही केवळ नोंदणी आहे. साक्षीदारामार्फत शाबीत झालेल्या दस्तऐवजाला निशाणी देणे ही पुराव्यातील पायरी आहे. जप्त वस्तूंना, म्हणजे मुद्देमालाला, ‘आर्टिकल’ म्हणून वेगळे क्रमांक देतात. एखादा कागद ओळखीपुरता ‘एक्स’ अशी खूण करून ठेवला असेल तर तो अद्याप शाबीत झालेला नाही.

टप्प्याच्या रकान्यात ‘अनरेडी’ हा शब्द दिसला की खटला पुढे सरकण्यासाठी काहीतरी बाकी आहे एवढेच समजावे. कधी आरोपीवर समन्स बजावलेले नसते, कधी अजामीनपात्र वॉरंट बजावणीअभावी परत आलेले असते. ‘पार्ट हर्ड’ म्हणजे पुरावा किंवा युक्तिवाद अर्धवट झाला आहे. वर्षानुवर्षे न सापडणाऱ्या आरोपीचे प्रकरण ‘सुप्त’ नस्तीत टाकतात. ते मिटलेले नसते आणि आरोपी सापडला की पुन्हा सुरू होते.

साक्ष वाचण्याची रीत

साक्षीपुरावा हा नस्तीतील सर्वांत बोलका भाग आहे आणि अनभिज्ञ वाचक सर्वाधिक फसतो तोही येथेच. सरकारी वकिलाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे म्हणजे सरतपास, बचाव पक्षाच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे म्हणजे उलटतपास. प्रश्न सहसा लिहीत नाहीत. प्रश्न आणि उत्तर मिळून साक्षीदाराच्या तोंडी एक वाक्य तयार करतात. त्यामुळे उलटतपासात असे वाक्य येते: ‘हे म्हणणे खरे नाही की, घटनेच्या वेळी मी दारू प्यायलेलो होतो.’ साक्षीदाराने दारूचा विषय स्वतःहून काढलेला नाही. वकिलाने तसे सुचवले आणि त्याने ते नाकारले, एवढाच याचा अर्थ. नाकारलेली सूचना हा पुरावा नसतो. उलट ‘हे म्हणणे खरे आहे की, घटनास्थळी विजेचा दिवा नव्हता’ असे वाक्य आले तर ती कबुली आहे आणि तिला वजन आहे. उलटतपास वाचताना ‘खरे आहे की’ ची वाक्ये वेगळी काढावीत. बचावाचे अर्धे काम तेथे झालेले किंवा फसलेले दिसते.

‘माझ्या पोलीस जबाबात हे का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही’ हे आणखी एक ठरीव वाक्य. साक्षीदार न्यायालयात जे सांगतो आहे ते त्याने पोलिसांना सांगितलेले नव्हते, असा त्याचा रोख. अशा उणिवेला ‘ऑमिशन’ म्हणतात. पोलीस जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत आणि तो जबाब स्वतंत्र पुरावा म्हणून वापरता येत नाही. प्रामुख्याने साक्षीदाराला त्याच्याच आधीच्या बोलण्याशी विसंगत ठरवण्यासाठी तो वापरतात. त्यासाठी जबाबातील विशिष्ट वाक्यांना ‘पोर्शन अ’, ‘पोर्शन ब’ अशा खुणा करतात, आणि त्या वाक्यांची शाबिती पुढे तपासी अंमलदाराच्या साक्षीतून होते. न्यायदंडाधिकाऱ्यांनी नोंदलेल्या जबाबाची गोष्ट वेगळी आहे.

साक्षीदार ‘फितूर’ झाला, अशी नोंद असेल तर सरकारी वकिलाने न्यायालयाच्या परवानगीने आपल्याच साक्षीदाराचा उलटतपास घेतलेला असतो. त्याची साक्ष त्यामुळे आपोआप रद्द होत नाही. विश्वासार्ह वाटेल तेवढा भाग न्यायालय घेऊ शकते. पुरावा संपल्यावर आरोपीला विरोधातील एकेक बाब विचारून त्याचे उत्तर घेतात. जुन्या संहितेतील कलमामुळे त्याला सगळे ‘तीनशे तेराचा जबाब’ म्हणतात, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५१ आहे. हा जबाब शपथेवर नसतो, आणि त्यातील ‘खोटे आहे’, ‘माहीत नाही’ अशा एका ओळीच्या उत्तरांवरून आरोपीविषयी फारसा तर्क लढवू नये.

प्रकरण संपले, पण कसे?

संकेतस्थळावर ‘निकाली’ दिसले की पुष्कळांना वाटते, खटला संपला. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील आर.सी.सी. ‘कमिट’ होऊन निकाली निघाली असेल तर ती फक्त सत्र न्यायालयाकडे गेली आहे. तेथे तिला नवा क्रमांक मिळतो आणि खरा खटला तेथून पुढे चालतो. ‘कंटेस्टेड’ आणि ‘अनकंटेस्टेड’ हे शब्दही दोषाविषयी काही सांगत नाहीत. प्रकरण वाद होऊन संपले की त्याशिवाय, एवढेच त्यांतून कळते.

डिस्चार्ज म्हणजे दोषमुक्ती ही दोषारोप निश्चित होण्यापूर्वीची, साक्षीपुराव्याच्या सुनावणीआधी मिळालेली सुटका आहे. निर्दोष मुक्तता मात्र निकालाने होते आणि ती कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. दोषमुक्तीला ते संरक्षण नाही; नवा पुरावा आला तर प्रकरण पुन्हा उभे राहू शकते. बातम्यांमध्ये ‘दोषमुक्त’ हा शब्द दोन्हींसाठी सैलपणे वापरतात, तेव्हा मूळ आदेश पाहणे हाच उपाय. ‘संशयाचा फायदा देऊन मुक्तता’ हीदेखील कायद्याने पूर्ण मुक्तताच असते, जरी सेवेच्या चौकशीत किंवा चारित्र्य पडताळणीत तिच्याकडे कधी कधी वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

तडजोडीने मिटलेल्या, म्हणजे कंपाउंड झालेल्या, प्रकरणात आरोपीची मुक्तता झाल्याचाच परिणाम होतो. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेतला तर दोषारोपापूर्वी असल्यास दोषमुक्ती आणि नंतर असल्यास मुक्तता होते. समन्स खटल्यात फिर्यादी गैरहजर राहिला म्हणून आरोपी सुटला, तर पुराव्याचा एक शब्द न ऐकता ती मुक्तता ठरते. आरोपीच्या मृत्यूने खटला ‘अबेट’ होतो. उच्च न्यायालयाने प्रथम खबर किंवा कार्यवाही रद्दबातल केली असेल तर खालच्या न्यायालयाच्या नोंदीत ती बाब उशिरा उमटण्याची शक्यता असते.

दोषसिद्धी झाली असेल तर शेवटचा ‘आदेश’ कलमावार वाचावा. सश्रम कारावास आणि साधा कारावास वेगळे आहेत. ‘दंड न भरल्यास तीन महिने’ ही मूळ शिक्षेत धरायची नसते; दंड भरला तर ती लागूच होत नाही. प्रत्येक कलमाखालील शिक्षा ‘एकाच वेळी भोगावयाच्या’ असतील तर वर्षांची बेरीज करू नये. निकालापूर्वी कोठडीत काढलेले दिवस वजा करण्याला ‘सेट ऑफ’ म्हणतात. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धी पुसली गेली असे नाही. दोषसिद्धीला स्थगिती हा निराळा आणि क्वचित मिळणारा आदेश आहे, आणि लोकप्रतिनिधींच्या अपात्रतेच्या बातम्यांत नेमका हाच फरक सुटतो.

नक्कल मागताना

संकेतस्थळावरील माहिती शोधासाठी उपयुक्त आहे. पुरावा म्हणून सही-शिक्क्याची प्रमाणित नक्कल लागते आणि ती नक्कल विभागाकडे अर्ज करून मिळते. अर्जात खटल्याचा क्रमांक, कागदाचे वर्णन, निशाणी क्रमांक आणि आदेशाची तारीख लिहिल्यास शोधाचा वेळ वाचतो. दोषारोपपत्र सर्वांसाठी संकेतस्थळावर ठेवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये फेटाळलेली आहे, म्हणून त्रयस्थाने ते तेथे शोधण्यात वेळ घालवू नये. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा असल्यामुळे अशा नस्तीतील कागद हाताळताना आणि पुढे पाठवताना नाव, पत्ता आणि नातेवाइकांचा तपशील झाकावा.

मिळालेल्या नकलेच्या शेवटी अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख असा शिक्का असतो. हा कागद अपिलासाठी हवा असेल तर तो शिक्का निकालाइतकाच बारकाईने पाहावा. शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात अपील करायला ३० दिवस आणि उच्च न्यायालयात सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात, आणि नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक वेळ त्या मुदतीतून वगळला जातो. तो वेळ किती, हे त्या शिक्क्यावरूनच मोजले जाते. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज द्यावा आणि नक्कल हातात घेताना तिन्ही तारखा भरलेल्या आहेत ना, हे खिडकीवरच तपासून घ्यावे.